शेवटच्या किलोचा भाव

जळगावच्या सराफ बाजारात वजन वाढलं की बिल वाढतं. सायकलच्या दुकानात उलटा न्याय आहे. तिथे वजन उतरलं की बिल चढतं, आणि तेही उड्या मारत.

आजचे ढोबळ भाव घेऊ. काळी, डबल-बारची लोखंडी सायकल वजनाला २० किलोच्या आसपास आणि किमतीला ६ हजारांच्या. साडेबारा किलोची, अल्युमिनियम फ्रेमची गिअरवाली हायब्रिड २८ हजारांपर्यंत येते. १० किलोची रोड बाइक ६० हजारांच्या घरात. ८ किलोची कार्बनची दोन लाखांना, आणि ७ किलोची हवी असेल तर साडेचार लाख तरी काढून ठेवावे लागतात. आता वजाबाकी करा. वीसवरून साडेबारावर येताना कमी झालेला एकेक किलो सुमारे ३ हजारांना पडला. साडेबारावरून दहावर येताना १३ हजारांना. दहावरून आठवर येताना ७० हजारांना. आणि आठवरून सातवर यायला एकट्या किलोचे अडीच लाख. दुकानागणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चढण अशीच राहील.

या हिशेबावर दुकानदार हरकत घेईल, आणि ती खोटी नाही. महाग सायकलीत वजन कमी होतं तसे गिअरही अलगद पडतात, ब्रेक एका बोटाच्या दाबावर लागतात, बेअरिंगं चांगली असतात. खरं आहे. पण दुकानात गिऱ्हाईक काय करतं ते बघा. ते गिअर पाडून बघत नाही, चाक फिरवून बेअरिंग ऐकत नाही. आडव्या नळीखाली दोन बोटं घालतं, सायकल उचलतं, सोबतच्या मित्राकडे बघतं आणि म्हणतं, ‘अरे, काहीच वजन नाही!’ सौदा तिथेच पक्का होतो. म्हणून बोलायचं ते वजनावरच.

माझं म्हणणं असं, की सायकलीतले पहिले पाच-सात किलो उतरवायला पैसे घालणं हा खानदेशातल्या माणसासाठी उत्तम सौदा आहे आणि शेवटचे दोन किलो उतरवायला घालणं हा तितकाच वाईट. आपण करतो नेमकं उलटं. ज्याच्याकडे १० किलोची आहे तो ८ किलोची बघायला नाशिक-पुण्याला जातो. जिला २० किलोची ढकलत शाळेत जावं लागतं, तिच्यासाठी तीन हजार जास्त घालायला ना घर तयार असतं, ना सरकार.

आधी शेवटच्या किलोचं बघू. चढावर वजन जाणवतं हे कोणी नाकारत नाही, म्हणून खानदेशातला सगळ्यात मोठा चढच घेऊ. शहाद्याच्या मैदानातून निघून सातपायरी घाटाने तोरणमाळच्या पठारावर पोचेपर्यंत हजारेक मीटर उंची गाठावी लागते. एक किलो वजन हजार मीटर वर न्यायचं तर सुमारे १० हजार ज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे अडीच किलोकॅलरीसुद्धा नाही. खाल्लेल्या अन्नातला चौथा हिस्साच शरीर पायडलपर्यंत पोचवतं, म्हणून खाण्याच्या हिशेबात ती १० किलोकॅलरी धरा. रावेरच्या एका केळात शंभराच्या आसपास असतात. एक जास्तीचा किलो तोरणमाळच्या माथ्यावर न्यायची किंमत म्हणजे केळाचा एक घास. ज्या मुलखात केळी घडांनी ट्रकमध्ये भरतात, तिथे एका घासासाठी ७० हजार मोजायचे?

वेळेचाही हिशेब करू. ७० किलोचा माणूस, १० किलोची सायकल, पाणी, पंप, ट्यूब मिळून ३ किलो. एकूण ८३. माणूस तयारीचा असला आणि सलग दीडशे वॉट लावत राहिला, तर नुसती उंची चढण्यात त्याचा दीड तास जातो. त्यातून एक किलो काढला तर ८३ मधला एक भाग कमी झाला. म्हणजे एक मिनिट आणि वर चार-पाच सेकंद. यशवंत तलावाच्या काठी चहात साखर ढवळताना याहून जास्त वेळ जातो.

आणि तोरणमाळला तरी रोज कोण जातं? आपली रोजची सायकल चालते ती जळगाव-भुसावळ, चोपडा-अमळनेर, धुळे-शिरपूर, नंदुरबार-दोंडाईचा अशा रस्त्यांवर. तापीच्या खोऱ्यात राहणाऱ्याला चढ मुद्दाम शोधायला जावं लागतं. फर्दापूरनंतरचा अजिंठ्याचा घाट, चाळीसगावकडून चढणारा कन्नडचा, धुळ्याबाहेरचा लळिंग. सातपुड्यातले रस्ते सोडले तर यादी इथेच आटोपते. सपाटीवर ताशी २५ च्या वेगाने जाताना एक किलो कमी असल्याने वाचतो तो वॉटचा जेमतेम तिसरा हिस्सा, आणि त्या वेगाला एकूण लागतात शंभराच्या वर. जळगाव ते भुसावळ तासाभराची रपेट धरली तर पाच सेकंद वाचतात. पाच सेकंद तर रेल्वे फाटकाशी पाय टेकवण्यात जातात.

खानदेशात सायकलवाल्याचा खरा वैरी वारा. उन्हाळा तापला की पश्चिमेचा वारा सुटतो आणि पावसाळाभर वाहत राहतो. दुपारच्याला जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याकडे निघालेल्या माणसाला विचारा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तुम्ही ताशी २० ने चाललात आणि समोरून वाराही २० चा आला, तर अंगावर हवा ४० ची आदळते, आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने तो दुप्पट नाही, चौपट होतो. त्या वाऱ्याला सायकल ७ किलोची की १२ किलोची हे कळत नाही. त्याला फक्त छाती दिसते. छाती लहान करायला पैसे लागत नाहीत. हँडल थोडं खाली घ्या, कोपरं आत ओढा, फडफडणारा सैल शर्ट घरी ठेवा, दोघं-तिघं असाल तर पाळीपाळीने एकमेकांच्या मागे चला. यात जे मिळतं ते कार्बनच्या फ्रेमने मिळत नाही.

शर्यतीचं जगही याच निष्कर्षाला आलं आहे. १९७२ साली सायकलपटू एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत तासाचा, म्हणजे एका तासात जास्तीत जास्त अंतर कापायचा, विक्रम केला, ४९.४३१ किलोमीटर. त्याच्यासाठी एर्नेस्तो कोल्नागोने बनवलेली सायकल पावणेसहा किलोच्या आसपास होती. वजन उतरवायचं म्हणून चेनच्या कड्यांनासुद्धा भोकं पाडली होती. पुढे २००० साली सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने, यूसीआयने, शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालणार नाही असा नियम केला. २०२२ मध्ये फिलिप्पो गान्नाने स्वित्झर्लंडमधल्या ग्रेन्शेनला तासात ५६.७९२ किलोमीटर काढले. नियमानेच त्याची सायकल मर्क्सच्या सायकलीपेक्षा किलोभर जड असणार, आणि मेक्सिकोच्या उंचीवरची विरळ हवाही त्याला नव्हती. तरी सात किलोमीटर जास्त. ते आले बसण्याच्या पद्धतीतून, अंगाला चिकटलेल्या कपड्यांतून, चाकांच्या आणि नळ्यांच्या आकारातून आणि सरावातून. जगातले सगळ्यात वेगवान लोक वजनापेक्षा हवेची काळजी करतात. आपल्याकडे रविवारी सकाळी पोह्यांसाठी तीस किलोमीटर जाणारा माणूस मात्र बाटलीचा स्टँडही कार्बनचा बघतो.

धुळ्याकडे एक जुने मेकॅनिक आहेत. हलकी सायकल घेऊन एखादे डॉक्टर आले की ते चाक हातात धरून, मान वर न करता म्हणतात, ‘डॉक्टरसाहेब, सायकल ते हलकी शे, पन पोटनं काय?’ सगळे हसतात, डॉक्टरही हसतात. हा विनोद सायकलवाल्यांच्या प्रत्येक टोळीत चालतो, पण मला तो अर्धाच पटतो. सायकलीचा किलो आणि पोटाचा किलो चढावर सारखाच, हे गणित बरोबर. पण पोट कमी करायला म्हणूनच बहुतेकांनी सायकल घेतलेली असते. जाडजूड माणूस सायकल घ्यायला दुकानात शिरला की आजूबाजूचे जे हसतात, ते त्याला महिनाभरात परत स्कूटीवर बसवतात. त्याला पोटावरून बोलून काही उपयोग नाही. त्याला सांगायचं ते एवढंच की पहिली सायकल २५-३० हजारांची घे, बाकीचे बँकेत ठेव.

वजनाच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठणकावून सांगितली पाहिजे, कारण आकडेमोड करणारे ती हमखास विसरतात. सायकल नेहमी पायांनीच चालवली जाते असं नाही, ती हातांनी उचलावीही लागते. जळगावात आता तीन-चार मजली अपार्टमेंटं आहेत, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही किंवा लिफ्टमध्ये सायकल मावत नाही, आणि खाली ठेवली तर सीट राहील का याची खात्री नाही. साठीतल्या बाईला २० किलोची सायकल दोन जिने चढवता येत नाही. १२ किलोची येते. भुसावळ-सुरत पॅसेंजरच्या डब्यात सायकल चढवायची असली तरी तेच. तिथे पाच-सात किलोचा फरक म्हणजे सायकल वापरात राहणं आणि व्हरांड्यात गंजणं यातला फरक. तरी इथेही बघा, हा फरक २० आणि १२ मधला आहे. १० आणि ८ मधला फरक जिन्यात कोणाला कळत नाही.

मग जास्तीचा पैसा घालायचाच असेल तर कुठे? सगळ्यात आधी टायर. स्वस्त, जाड, टणक रबराचं टायर काढून त्याजागी चांगलं टायर घातलं आणि हवा अंगठ्याने न दाबता मीटरने मोजून भरली, तर सपाटीवर दहा-पंधरा वॉट सहज वाचतात. किलोमागे वाचणाऱ्या वॉटच्या तिसऱ्या हिश्शाशी हे ताडून पहा. जोडीचा खर्च तीन-चार हजार. चेन पुसून तेल घालणं तर फुकटातच जमा. आपल्या काळ्या मातीची धूळ तेलात बसली की चेनीवर काळं मेण धरतं, आणि महागातली सायकलसुद्धा करकरत चालते. सीटची उंची आणि हँडलचं अंतर आपल्या मापाचं करून घ्या. गुडघेदुखीने सायकल सोडलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत, सायकल जड म्हणून सोडलेली प्रौढ माणसं थोडी. मागच्या चाकाला मोठ्या दात्याची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा जुडगा, बसवून घेतली तर अजिंठ्याचा घाट बसल्या बसल्या निघतो.

आणि काटे. बाहेरचे लोक खानदेशात सायकल घेऊन आले की उन्हाची चौकशी करतात, काट्यांची करत नाहीत. वेडी बाभूळ रस्त्याच्या कडेला जिकडेतिकडे माजली आहे, शेताच्या कुंपणाच्या फांद्या तोडून बांधावरून ओढत नेतात, आणि डांबरावर पांढरे, सुईसारखे काटे पडून राहतात. हलक्या सायकलीचं हलकं टायर म्हणजे पातळ टायर. ज्याने काट्याला अडवणारी पट्टी घातली, भोक बुजवणारं सीलंट ओतलं, त्याच्या सायकलीचं वजन पाव किलोने वाढतं आणि सकाळ वाचते. उन्हाचंही तसंच. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या सायकलीवर आणि एखादी पाठीवर असल्याशिवाय निघणं हा शुद्ध वेडेपणा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ७० हजार देऊन उतरवलेला किलो पाण्याच्या रूपाने परत सायकलीवर चढतो, आणि चढलाच पाहिजे.

लांब पल्ल्याचे लोक म्हणतील, आमचं वेगळं आहे. फारसं नाही. बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पूर्ण करायच्या रपेटीत, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस, ६०० ला चाळीस. चहा, जेवण, पंक्चर धरूनसुद्धा सरासरी पंधराच्या आसपासच ठेवायची असते. तिथे हार होते ती झोप न झाल्याने, पोट बिघडल्याने, तळहात बधिर झाल्याने. स्टीलच्या सायकलीवर ६०० पूर्ण करणारे आहेत आणि कार्बनच्या सायकलीवर दीडशेला गाडी बोलावणारेही आहेत.

आता दुसरं टोक. आठवी-नववीतल्या पोरांमध्ये सध्या जाड टायरच्या, पुढे स्प्रिंगवाल्या सायकलींचं खूळ आहे. दिसायला मोटरसायकलसारखी. पुढच्या स्वस्त स्प्रिंगच्या फॉर्कचंच वजन अडीच-तीन किलो, मागे कधीकधी आणखी एक स्प्रिंग, लोखंडी फ्रेम, लोखंडी रिम, चार इंच रुंद टायर. सायकल १८-२० किलोवर जाते आणि किंमत १२-१५ हजारांवर. म्हणजे काळ्या सायकलीच्या दुप्पट पैसे मोजून वजन तेवढंच. पायडल मारलं की काही जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. पोरगं चार महिने चालवतं, मग बापाच्या मागे ॲक्टिव्हाचा लकडा लावतं. त्या बापाला कोणी सांगितलं असतं, की याच पैशांत स्प्रिंग नसलेली, मध्यम टायरची, १४ किलोची सायकल येते, तर पोरगं कदाचित बारावीपर्यंत सायकलवर राहिलं असतं. पण दुकानात वजनाचा विषय निघतो तो फक्त लाखाच्या सायकलीसमोर. पंधरा हजारांच्या सायकलीचं वजन विचारलं तर दुकानदार तुमच्याकडे असा बघतो, जणू तुम्ही तिचं गोत्र विचारलंत.

जुन्या काळ्या सायकलीला मात्र मी नावं ठेवणार नाही. तिच्यावर दुधाचे दोन कॅन, गवताचा भारा, मागे बायको आणि पुढच्या नळीवर पोरगं, एवढं सगळं खड्ड्यांतून जायचं म्हणून तिच्या नळ्या जाड आहेत. शंभर-सव्वाशे किलो वाहायचे तिथे सायकलीचे २० किलो म्हणजे फार नाहीत. गल्लीतला कोणीही हातोडी आणि पान्याने ती दुरुस्त करतो. दूधवाल्याला ती वजनाला योग्य आहे, किमतीला योग्य आहे, आणि त्याला हायब्रिड घ्या म्हणून सांगणारा माणूस कधी दूध वाहून बघितलेला नसतो.

तिला नावं ठेवायची ती ज्याला ओझं वाहायचं नाही त्याच्या गळ्यात ती पडते तेव्हा. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकलसाठी पैसे मिळतात. आधी साडेतीन हजार मिळत, २०२२ पासून पाच हजार. योजना चांगली आहे. त्या पैशांत बाजारात मिळते ती बिनगिअरची लोखंडी लेडीज सायकल. अशी एक सायकल मी धान्याच्या दुकानातल्या काट्यावर ठेवायला लावली. कॅरिअर, स्टँड, पुढची जाळीची टोपली, चेनकव्हर, कुलूप या सगळ्यासकट काटा २० किलोच्या पुढे गेला. सायकलीची मालकीण बाजूला उभी होती. दुकानदाराने लगेच तिलाही काट्यावर उभं केलं. चाळीस भरली नाही.

म्हणजे ४० किलोची मुलगी, २० ची सायकल, ४ चं दप्तर, एकूण ६४. तिच्या सायकलीतून पाच किलो काढले तर एकूण ओझं आठ टक्क्यांनी कमी होतं, आणि त्याला जास्तीचे लागतात तीन हजार, कसे ते पुढे येतंच. वर ज्या ७० किलोच्या माणसाचं उदाहरण घेतलं त्याने दहाची सोडून आठची सायकल घेतली तर त्याचं ओझं अडीच टक्क्यांच्या आतबाहेर कमी होतं, आणि लागतात एक लाख चाळीस हजार. वजनासाठी पैसे खर्च करणं योग्य की नाही, या प्रश्नाचं उत्तर कोणाच्या सायकलीसाठी विचारता त्यावर इतकं बदलतं.

इथे माझाच आधीचा हिशेब माझ्यावर उलटवता येईल. सपाटीवर वजनाने काही होत नाही म्हणालात, मग मुलीला तरी काय फरक पडणार? डांबरी सपाट रस्ता असेल तर फार नाही, कबूल. पण नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, शिरपूरच्या वरच्या अंगाची गावं बघा. रस्ता नाल्यात उतरतो आणि तसाच वर चढतो. मध्येच मुरूम, मध्येच रेती, पावसाळ्यात चिखल. मऊ जमिनीत चाक रुततं तेव्हा लागणारा जोर डांबराच्या कितीतरी पट असतो आणि तो वजनाच्या प्रमाणात वाढतो. गिअर नसतात, म्हणून चढावर एका टप्प्यानंतर उतरावंच लागतं. तो टप्पा कुठे येणार हे एकूण वजन ठरवतं. उतरल्यावर सायकल ढकलायची, पंक्चर झाली तर तीन किलोमीटर ढकलायची, नाल्याला पाणी असलं तर उचलून पलीकडे न्यायची. मोलगी-धडगावकडच्या कित्येक पाड्यांना तर सायकल अर्धा रस्ता ढकलूनच पोचते. वजनाचा जो जाच मी मघाशी जिन्यापुरता सांगितला, तो या मुलींना रोज आहे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो बिहारमधून येतो. तिथे २००६ साली नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची पटनोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. त्या सायकली काही हलक्या नव्हत्या. तर मग आहे त्या पैशांत हलक्या सायकली थोड्या मुलींना देण्यापेक्षा जड सायकली जास्त मुलींना द्या, असा हिशेब कोणी मांडला तर तो गणिताने बरोबर आहे. दोन्हींतलं एकच निवडायचं असेल तर आधी सगळ्यांना सायकल, मग हलकी, हे मलाही मान्य. माझं भांडण आहे ते निवड अशीच करावी लागते या गृहीतकाशी. बिहार सपाट आहे, सातपुडा नाही. आणि जड सायकल पैशांअभावी जड आहे असंही पुरतं खरं नाही. ती जड आहे कारण तिचं वजन कोणी विचारतच नाही. पत्र्याचं चेनकव्हर प्लॅस्टिकचं केलं, रिम अल्युमिनियमची केली, लोखंडी कॅरिअर बारीक नळीचं केलं, की दोन-अडीच किलो फार खर्च न होता उतरतात. रिम अल्युमिनियमची झाली की पावसात ब्रेकही बरा लागतो, जे लोखंडी रिमवर कधीच होत नाही. राहिलेल्या अडीच किलोंसाठी फ्रेमला हात घालावा लागेल, तिथे खरा पैसा लागेल. तो तीन हजारांत बसतो.

हौसेने हलकी सायकल घेणाऱ्याशी माझं काही वाकडं नाही. कोणी पैठणीवर घालतं, कोणी मोबाइलवर, कोणी आठ किलोच्या सायकलीवर. कार्बनची सायकल हातात फिरते तेव्हा मजा येते, ती मजा पैसे देऊन घ्यावी, त्यात लपवायचं काही नाही. फक्त ‘तब्येतीसाठी गुंतवणूक’ म्हणून तिची जाहिरात नवशिक्यांपुढे करू नये. तब्येत बाराच्या सायकलीवरही तेवढीच सुधारते. उलट जरा जास्तच घाम निघतो. आमच्याकडच्या टोळ्यांमध्ये नवीन आलेला शिक्षक किंवा बँकेतला कारकून बाकीच्यांच्या सायकलींकडे बघून दबतो, दोन महिने येतो आणि मग ‘चांगली सायकल घेतल्यावर येतो’ म्हणून कायमचा थांबतो. त्याच्याकडे असलेली सायकल पुरेशी चांगली असते, पण हे त्याला कोणी सांगत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पाच हजारांच्या सायकलीला त्यातून तीनेकशे रुपये मिळाले, दोन लाखांच्या सायकलीला बारा हजारांहून जास्त. सूट सरसकट दिली की असंच होतं. पुढचं पाऊल जरा नेम धरून टाकता येईल. गॅसच्या सिलिंडरवर १४.२ किलो लिहिलेलं असतं, सिमेंटच्या गोणीवर ५० किलो. सायकल ही वजनावरच अवलंबून असलेली वस्तू, आणि तिच्यावर वजन छापलेलं नसतं. प्रत्येक सायकलीच्या फ्रेमवर, स्टँड-कॅरिअरसकट भरलेलं वजन छापणं सक्तीचं करा. कंपनीला एका स्टिकरचा खर्च आहे. मग साक्रीचा शेतकरी बापही दुकानात दोन सायकलींची तुलना करू शकेल, आणि स्प्रिंगवाली घेताना निदान एकदा विचार करेल. मानव विकासच्या कागदांत सायकलीच्या पावतीसोबत वजनाचा एक रकाना वाढवा, आणि सायकल १५ किलोच्या आत भरली तर पाचाऐवजी आठ हजार द्या. सुरुवात नंदुरबारपासून, धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांपासून करा.